पिल्लांवरची मरळ

चार दिवस झाले, मी सकाळी उठतो आन तलावावर जाऊन बसतो. शौक म्हणून नाही. शौकाचं वय गेलं. त्रेसष्ट वर्षांच्या माणसानं उकिडवं बसून पाण्याकडं पाह्यचं, मंग गुडघ्यावर हात ठेवून 'अरे देवा' करत उठाचं, याले कोणी शौक म्हणत असन त त्यानं एक दिवस माह्या जागी बसून पाहावं.

दुर्गाबाई, म्हणजे माही घरवाली, तिचं भंडाऱ्याले पिशवीचं ऑपरेशन झालं. घरी येऊन बारा दिवस झाले, टाके सुकत नाहीत, काहून की ती जेवत नाही. पेज केली, नाही. वरण-भात केला, नाही. आमचा धर्मेंद्र पुण्याहून फोनवर सांगते, बाबा, तिले सूप द्या. दे म्हणा तूच येऊन. डॉक्टरनं साफ सांगतलं, अंगात ताकद नाही आली त परत भरती करा लागन. भरतीचं नाव काढलं की तिचं तोंड भिंतीकडं होते. बारा दिवसांत तिनं एकच गोष्ट मागितली. म्हणाली, "मरळ भेटली त खाईन."

आमच्याकडं बाळंतिणीले आन ऑपरेशनवाल्याले मरळीचा रस्सा देतात. काटे कमी, आन जखम लवकर भरते म्हणतात. पण सानगडीच्या बाजारात आजकाल रोहू-कतला नाही त पंगस. मरळ विचारली त मच्छीवाली हासली. "भाऊ, चैतात कुठची मरळ? तलावात जाळं पडू द्या, मंग या." जाळं पडाले महिना होता, आन महिनाभर थांबाची ताकद दुर्गात नव्हती.

मंग घराच्या आड्यावरून गरीची, म्हणजे गळाची, काठी काढली. आमच्या बापानं दोघा भावायले एकेक बांबूची काठी करून देल्ली होती, तेल पाजून, धुरावर धरून. माही अजून साबूत हाय. घनश्यामची मी मोडली, त्याले अकरा वर्षं झाले.

ते सांगाच लागते. मरळ आपल्या पिल्लायची राखण करते. पिल्लं लाल लाल, पाण्यावर एका जागी खदखदत राह्यतात, आन माय त्यायच्या खाली उभी राह्यते. त्यावेळी ती कशावरही झडप घालते. गरी टाकली की भेटलीच, त्यात काही हुशारी नाही. म्हणूनच आमच्या बापाचा नियम होता, पिल्लांवरच्या मरळीले गरी टाकाची नाही. माय उचलली की बाकीचे मासे पाच मिनिटांत पिल्लं साफ करतात. तलावाच्या पाळीवरचे सगळे घरं हा नियम पाळत होते. आन घनश्यामनं, माह्या सख्ख्या लहान भावानं, तो मोडला.

मी त्याले चार लोकांपुढं धरलं. मरळ हिसकली, पाण्यात फेकली, आन त्याची काठी मांडीवर ठेवून कडकन मोडली. म्हणलो, बापाचं नाव बुडवलंस. तो काही तरी सांगून राहिला होता. साधनाचं नाव घेत होता, त्याच्या बायकोचं. मी आयकलं नाही. तवापासून दोघा भावायची बोली बंद. घर शेजारी, भिंत एक, पण भाऊ म्हणाले भाऊ नाही.

तीन दिवस मले काहीच भेटलं नाही. सकाळी तलाव, दुपारी उन्हाळी धानाच्या बांधीले पाणी, संध्याकाळी चुलीपाशी. खांदे असे दुखत की कुशीवर झोपता येत नव्हतं. बेडक्या धरू धरू बोटाची सालं निघाली. मरळीले जिती बेडकी लागते, आन बेडकी काही हात जोडून येत नाही. चौथ्या दिवशी निंघालो तवा दुर्गानं विचारलंही नाही, कुठं चालले म्हणून. त्यानं मी जास्त भ्यालो.

उन्ह वर आलं, आन बेशरमाच्या झुडपापाशी पाणी खदखदलं. लाल लाल. खरं म्हणजे मरळीचे पिल्लं पावसाळ्यात, पण फागुनात अवकाळी बदाबदा पडला, तिले वाटलं असन मिरीग आला. खाली तिची काळी पाठ दिसली, हातभर लांब.

मी तिथं बराच वेळ बसलो. कोणाले खोटं कायले सांगू, बापाची आठवण आली, घनश्यामची आली, पण विचार असा काही केला नाही. मी थकलो होतो. बेडकी लावली आन टाकली.

पहिल्याच फेकीत भेटली.  मांगं पाह्यलं त पिल्लं फाकले होते, आन खालून दुसरे मासे पटपट तोंड मारून राहिले होते. मी ढेकळं मारले दोन-तीन. ढेकळानं काय होते? थोड्या वेळानं पाणी शांत झालं, लाल रंग कुठंच नव्हता.

घरी आलो त साधना आमच्या चुलीपाशी होती. बायकायनं कधीच बोली बंद केली नव्हती. मागच्या दारानं तिचं येणं-जाणं चालूच होतं, मले दिसत होतं, मी दिसत नाही असं दाखवत होतो. मी तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ. आमच्याकडं भासऱ्यासंग सून तोंडावर बोलत नाही. तिनं पदर ओढला, मरळ घेतली, राख लावून साफ कराले बसली. पोट चिरलं आन थांबली. आत काहीच नव्हतं. राखण करणारी मरळ उपाशी राह्यते, हे पाळीवरच्या सगळ्या बायकायले माहीत हाय.

ती दुर्गाकडं पाहून बोलली, पण मले आयकू येईल असं. "बाई, उशिरानं आमची गुड्डी झाली, तवा मले दूध नव्हतं. तुमच्या देरानं अशीच धरली होती."

एवढंच बोलली, आन रस्सा टाकला. मसाला परतल्याचा वास घरभर झाला. मी दारात बसून राहिलो. आत जायची हिंमत होत नव्हती.

दुर्गानं भात कुस्करला, रस्सा ओतला आन जेवली. बारा दिवसांनंतर वाटीभर जेवली. मले रडू आलं, लपवलं नाही. ती म्हणाली, "आता रडून काय होते? कढईत हाय अजून. त्याले नेऊन द्या."

"तो घेईन काय?"

"न्या त खरं."

मी एका हातात डबा घेतला, दुसऱ्या हातात काठी. काठी कायले घेतली, मले तवा सांगता नसतं आलं. घनश्याम अंगणात खाटेवर होता. केस पांढरे झालेले मी एवढ्या जवळून पाह्यलेच नव्हते. त्यानं डब्याकडं पाह्यलं, मंग काठीकडं.

"पिल्लांवरची?" त्यानं विचारलं.

"हो."

"पिल्लं?"

"खाल्ले माशायनं. मी पाहत होतो."

 त्यानं हात पुढं केला. मी काठी देल्ली. त्यानं ती मांडीवर ठेवली आन जोर लावला. मोडली नाही. परत लावला. बापानं तेल पाजलेली काठी, आन अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, धाप लागली त्याले. मांडी चोळत म्हणाला, "तुह्यानं कशी मोडली बे तवा?"

"राग होता," मी म्हणलो.

"मले आता राग बी पुरत नाही." तो खाटेवर सरकला, बाजूले जागा केली. "दादा, तिकडून पकड."

मी बसलो. एक टोक त्याच्या हातात, एक माह्या. मधात त्यानं पाय लावला. दोघायनं ओढलं, तवा ती मोडली. मंग घनश्यामनं डबा उघडला आन आत साधनाले हाक मारली, दोन ताटं आण म्हणून.