तारेचे शंभर तास

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. विश्वेश्वरशास्त्री जाऊन वर्ष झालं होतं. वर्षश्राद्धाला त्यांचा एकुलता एक मुलगा बिंदुमाधव बंगळूरहून काशीला आला, तो अ‍ॅम्प्लिफायर, टेपडेक आणि दोन स्पीकर घेऊनच. दुर्गाघाटाच्या गल्लीत गाडी शिरत नाही. खोकी हमालाच्या डोक्यावरून आली, आणि वाटेत एका सांडाने ती दहा मिनिटं अडवून धरली.

त्याच्या आईला, प्रभावतीबाईंना वाटलं, एकट्या बाईच्या घरी हा पसारा कशाला? पण कारण त्यांनाही ठाऊक होतं. शास्त्रीबुवांचा वेदपाठ विद्यापीठातल्या एका माणसाने घरी येऊन टेप केला होता आणि एक कॅसेट देऊन ठेवली होती. शास्त्रीबुवा गेल्यावर बाईंनी ती जुन्या टेपवर लावली, तर आवाज घागरीतून आल्यासारखा. "हे ते नव्हेत," म्हणून त्यांनी मधेच बंद केली. बिंदूने ते मनावर घेतलं होतं.

"आई, भिंतीकडे तोंड कर. मी स्पीकरची तार बदलतो. कोणती बरी, तू सांग."

एक तार कोपऱ्यावरच्या बिजलीच्या दुकानातली, पंख्याला लावतात ती. दुसरी त्याने आणलेली, करंगळीएवढी जाड. त्याने सतारीची कॅसेट लावली. बाई कालनिर्णयाकडे बघत उभ्या राहिल्या.

"ही साधी," त्या म्हणाल्या. "आणि ही जाड. हिच्यात वाजवणारा मींड ओढायच्या आधी थांबतो ते कळतं."

"आणि आता?"

"आता तू तार बदललीच नाहीस. आईला बनवतोस होय रे?"

बिंदू हसतच सुटला. तीस वर्षं स्वयंपाकघरातून वेद शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्यांचे चुकलेले स्वर धरणारे कान ते. कित्येकदा शास्त्रीबुवांनी टोकायच्या आधी आत बाईंची पळी थांबलेली असे.

निघताना तो म्हणाला, "नवी तार पहिल्यांदा जरा कोंदट वाजते म्हणतात. शंभर तास वाजव, काहीही वाजव, मग मोकळी होते. शंभर झाले की कळव, मी रजा काढून येतो. बाबांची कॅसेट दोघं मिळून ऐकू. तोवर लावू नकोस हं."

"नाही लावणार."

शंभर. त्या घरात असा आकडा सांगितला की बाकीचं सांगावं लागत नसे. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून बाईंनी संकल्प सोडला. रोज चार तास, पंचवीस दिवस. तासाला एक चिंचोका पितळी डब्यात. आणि अनुष्ठानाचा नेम त्यांना माहेरपासून ठाऊक होता. मध्ये खंड पडला की केलेलं गेलं, पुन्हा पहिल्यापासून.

आणि काशीची बिजली ती!

पहिल्यांदा पाचव्या दिवशी गेली. मग अकराव्या. मग दुसऱ्याच. दर वेळी डबा रिकामा. खाली राहणारी सुरेखा बँकेतून येताना डोकवायची आणि ओतलेले चिंचोके बघून कपाळाला हात लावायची.

"काकू, फिर से? अहो, कोण देखने बसलंय? लिहून टाका झाले म्हणून."

"बिंदूला लिहीन गं. तारेला काय सांगू?"

सतार वाजत असेतो घरात कुणी तरी आहे असं वाटायचं. चौथा चिंचोका टाकून त्या यंत्र बंद करायच्या, तेव्हा सकाळपेक्षा जास्त सुनं वाटायचं. एकटीसाठी मग कुकरही लावावासा वाटत नसे.

आषाढात बिंदूचं कार्ड आलं, "तास झाले?" बाईंनी लिहिलं, "अजून नाही." भाद्रपदात तेच. दिवाळीला त्याने विचारलं नाही, आणि तो आलाही नाही.

मार्गशीर्षात एकदा एक्क्याण्णव चिंचोके झाले. नऊच उरले होते. बाईंनी मनातल्या मनात पत्रसुद्धा लिहिलं, आणि बिजली गेली. डबा जमिनीवर उपडा करून बाई त्या वर्षात पहिल्यांदा रडल्या.

पौषात बिंदू न कळवता दारात उभा. मस्कतला नोकरी लागली होती, परवा मुंबईहून विमान. एका रात्रीपुरता आला होता. दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर त्याने डबा वाजवून पाहिला.

"यात काय?"

"तास. एकवीस झालेत. मागच्या खेपेला नव्वदावर एक होता, पण खंड पडला."

बिंदूला उमजायला वेळ लागला. "म्हणजे दर वेळी तू पहिल्यापासून..? अगं, तार ती! तिला कसला आलाय खंड? आज दोन, उद्या चार, सगळी बेरीज. तुझे तर आषाढाआधीच झाले!"

"तू सांगितलं नाहीस."

"मला वाटलं, तुला बाबांचा आवाज ऐकायचा धीर होत नाहीये. म्हणून मी विचारणंच सोडलं."

 मग तो देवघरातून कॅसेट घेऊन आला, डेकमध्ये घातली, खटका दाबला. काहीच झालं नाही. बिजली गेलेली होती.

"येईल आता," बाई म्हणाल्या.

तीन वाजले. साडेतीन. चारला तो नमस्कार करून निघाला. गल्लीच्या वळणावर त्याची पाठ दिसेनाशी झाली. बाई खिडकीशीच उभ्या होत्या, तेवढ्यात मागे डेकचा लाल दिवा लागला. खटका तसाच दाबलेला राहिला होता. खोलीत कुणीतरी खोल श्वास घेतला. पाठ सुरू करायच्या आधी ते घेत, तोच.

बाई धावल्या. "थांबा," त्या म्हणाल्या, "बिंदूला येऊ द्या." आणि पहिलं अक्षर उमटायच्या आत त्यांनी खटका उचलला.

बिंदू आला तो अडीच वर्षांनी, नवी बायको मृणालिनी हिला घेऊन. पहिल्याच संध्याकाळी कॅसेट लागली. पण तोवर बाईंना कमी ऐकू येऊ लागलं होतं, आणि त्यांनी ते मुलाला कळवलं नव्हतं.

"सुरुवातीचा श्वास ऐकलास, आई?"

"ऐकला," त्या म्हणाल्या. त्यात खोटं काही नव्हतं.

सुरेखाची पुढे लखनौला बदली झाली. दर दिवाळीला तिचं पत्र येई. त्र्याण्णव साली स्पीकर पुसून गच्चीत ठेवले असताना वानरांनी ती जाड तार तोडून नेली. प्रभावतीबाई सत्त्याण्णवच्या माघात गेल्या. बिंदू मस्कतहून पुण्याला येऊन राहिला. ती कॅसेट आणि तो पितळी डबा त्याच्याकडे आहे. डब्यात एकवीस चिंचोके आहेत.