उद्यमबागेतला ठिपका

लग्न ठरलेल्या पोरानं खोटं बोलूच नये असं कोण म्हणतंय? सगळेच बोलतात. पण बोलायचं तर तोंडानं बोलावं. तोंडाचं खोटं वाऱ्यावर जातं, चार दिवसांनी बोलणाराही विसरतो आणि ऐकणाराही. कडोलीच्या युवराजनं खोटं बोलायचं काम फोनला लावलं, आणि फोनला रोज राखायला लागतं, दारात बांधलेल्या म्हशीसारखं.

युवराज बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मोल्डिंगला होता. परमनंट. ह्या एका शब्दावर त्याला खानापूरकडची सौम्या मिळाली होती. आमच्या भागात आता पोरीचा बाप पहिल्यांदा तेच विचारतो, परमनंट हाय काय? शेत, घर, पोराचा रंग, हे सगळं मागनं. साखरपुडा झाला, फोटो निघाले, आणि पेढ्यांचे बॉक्स संपायच्या आत फौंड्रीच्या हातची मोठी ऑर्डर गेली. मालकानं एक लाईन बंद केली आणि परमनंट म्हणजे काय असतंय ते युवराजला गेटच्या बाहेर उभं राहून कळलं.

घरात दोघंच, तो आणि आई. जयाबाईंनी नवरा गेल्यावर लोकांच्या शेतात भांगलणीला जाऊन पोराला आयटीआय केलं होतं आणि आता गावभर सांगून ठेवलं होतं, आमचा युवराज परमनंट हाय म्हणून. तिला सांगायचं कसं? सांगितलं की ती गप्प बसणार नाही, शेजारच्या मनुबाईंपाशी रडणार, आणि मनुबाईंना कळलं की दुसऱ्या दिवशी खानापूरला कळलं. लग्न मोडणार! आणि एकदा मोडलेल्या पोराला आणि कोण पोरगी देतंय? तेव्हा युवराजनं ठरवलं, वैशाखातलं लग्न तेवढं पार पडू दे, मग बघू. ‘मग बघू’ म्हणणाऱ्याचं पुढं काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं, पण म्हणायचं कोण सोडत नाही.

आता त्या फोनचं सांगतो. निपाणीत स्टँडजवळ गोमटेशचं मोबाइलचं दुकान होतं. दोघं आयटीआयला एका बाकावरचे. कंपनीनं फोनमध्ये भरून दिलेलं सगळं उपटून काढायचं आणि हौशी लोकांनी इंटरनेटवर ठेवलेली दुसरीच सिस्टीम बसवायची, ह्यात गोमटेशचा हात धरणारा अख्ख्या निपाणीत नव्हता. युवराजचा फोन त्यानं तसाच आतून नवा करून दिला होता. कशासाठी? तर गेमसाठी! नकाशावर चालत जाऊन राक्षस पकडायचे, असा तो गेम. खेळणाऱ्यानं खरोखर रस्त्यानं चालायचं, मग गेममधला गडी चालणार. दिवसभर वाळूचे साचे उचलून आलेला माणूस संध्याकाळी आणि कशाला चालतोय? गोमटेशनं स्क्रीनवर एक गोल कळ आणून दिली. ती बोटानं ढकलली की फोनला वाटायचं, मालक निघाला. युवराज कॉटवर पडून कोल्हापुरात रंकाळ्याला चक्कर मारून यायचा आणि पायाला धूळसुद्धा लागायची नाही. फोनमधल्या सगळ्यांना ते खरं वाटायचं, नकाशालासुद्धा.

आणि नकाशावर आई होती. हायवेवरनं मोटरसायकलनं जातो म्हणून तिचा जीव टांगणीला लागायचा, तेव्हा युवराजनंच तिच्या फोनवर सोय करून दिली होती. “आये, ह्यो गोल ठिपका दिसतोय न्हवं, माझा फोटू असलेला? जिथं ठिपका तिथं मी.” त्याच्या फोनवर तिचाही ठिपका होता. साखरपुडा झाल्यावर सौम्यालाही त्यानं आपला ठिपका दिला. तेवढंच कौतुक.

मग काय, नोकरी गेल्यावर तीच कळ कामाला आली. सकाळी आईनं बांधलेला डबा घेऊन निघायचं, हायवेवर काकतीला मोटरसायकल लावून निपाणीची बस धरायची, आणि बसमध्ये बसल्या बसल्या आपला ठिपका उद्यमबागेत फौंड्रीवर नेऊन ठेवायचा. दिवसभर गोमटेशच्या दुकानात पोरांच्या फोनला काचा चिकटवायच्या. संध्याकाळी काकतीत उतरला की कळ बंद करून ठिपका मोकळा सोडायचा. सोपं होतं. पण सोपं होतं म्हणूनच घात झाला, कारण रोज करायला लागलं. ताप आला तरी जायला लागलं. बेळगावात तर पायच टाकता येईना, कोण बघितलं म्हंजे? निपाणीच्या स्टँडवर कडोलीचं कोणी उतरलं तर दुकानात काउंटरखाली बसायचं. जेल तरी बरी, तिथं शिक्षा किती ते सांगतात. ज्या गेमपायी हे सगळं शिकला तो गेमही त्यानं काढून टाकला, बघवेना.

इकडं कडोलीत काय चाललंय ह्याचा त्याला पत्ताच नव्हता. मनुबाईंचा सूरज पण उद्यमबागेतच, दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये. त्याचाही ठिपका मनुबाईंच्या फोनवर. दुपारची भांडी झाली की दोघी कट्ट्यावर बसून आपापल्या पोराचा ठिपका बघत. मनुबाईंची ऋतिका कॉलेजात, तिनं दोघींना नकाशा दोन बोटांनी मोठा करायला शिकवलं, आणि तिथंच सगळं बिनसलं.

“सूरजचा बघ की गं,” जयाबाई म्हणाल्या, “कसा कोंबडीगत हिंडतोय. च्याला गेला, आला. आता पलीकडं गेला. आन् माझा बघ. सकाळी ज्या जाग्याला हुता, त्याच जाग्याला.”

“कामात असंल,” मनुबाई म्हणाल्या.

“जेवायच्या वक्ताला बी?”

तेव्हापासून जयाबाईंनी पाळतच ठेवली. ठिपका केसाएवढाही हलत नव्हता. चहाला नाही, जेवायला नाही, लघवीला नाही. त्या माउलीनं काय काढावा अर्थ? पोरगा खोटं बोलतो हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. तिला वाटलं, माझ्या लेकराला भट्टीपुढं खिळून ठेवलंय. परमनंट केलं म्हणून काय जनावर आहे काय तो? रात्री ताटावर तिनं विचारलं, “तुला दिसभर एका जाग्याला हुभं करत्यात व्हय रं?”

“काम असतंय आये,” युवराज म्हणाला आणि मान खाली घालून भात कालवत बसला. मान खाली घातली म्हंजे पोरगं दुःख लपवतंय, एवढं आईला कळतं. त्याचा चेहरा तर खरोखरच उतरला होता. तिनं मनाशी काय ठरवायचं ते ठरवलं.

उन्हाळ्याचा कडाका. अकराचा सुमार. युवराज गोमटेशच्या दुकानात एका फोनचं मागचं झाकण काढत होता. सहज आपला ठिपका जागेवर आहे का बघावं म्हणून त्यानं नकाशा उघडला, तर आईचा ठिपका कडोलीत नव्हता. बेळगावच्या स्टँडपाशी होता.

त्यानं फोन लावला. तिनं कट केला. परत लावला, परत कट. मग त्यानं ऋतिकाला लावला.

“काकू व्हय? त्या तुमच्या मालकाशी भांडायला गेल्यात की,” ऋतिका हसत म्हणाली. “पोराला दिसभर जागचा हलू देत न्हाईत म्हणाल्या. बायकास्नी बस फुकट हाय, जातो आन् चांगला सोलतो म्हणाल्या. गोड पोळ्या बी घेतल्यात तुम्हाला.”

“मग फोन का उचलंना?”

“फोन उचलला की नकाशा जातो असं वाटतंय त्यास्नी. तुमचा ठिपका बघत बघतच जाणार म्हणाल्यात.”

युवराजनं झाकण बाजूला सारलं आणि परत नकाशा उघडला. फौंड्रीच्या गेटवर जोतिबा वॉचमन बसतो, आणि जोतिबाच्या तोंडात तीळ भिजत नाही. आई गेटवर गेली, मालकाच्या नावानं बोंब मारली, की जोतिबा चार माणसांदेखत सांगणार, मावशी, तुमच्या पोराला काढून किती दिवस झालं! तिथंच लग्न मोडलं. आणि हा पडला निपाणीत, दीड तासावर. उडून जाणार होता काय?

ठिपका उद्यमबागेच्या स्टॉपवर आला आणि चालायला लागला. फौंड्रीच्या रस्त्याला वळला.

“मर्दा, बघत काय बसलाईस?” गोमटेश म्हणाला. “तुझा ठिपका हलीव की! तू तिथनं भाईर पडलास असं दिसलं की ती गेटवर कशाला जाईल?”

युवराजनं कळ ढकलली. त्याचा ठिपका इतक्या दिवसांत पहिल्यांदा फौंड्रीतनं बाहेर पडला आणि पलीकडच्या गल्लीत शिरला. दोघंही स्क्रीनवर वाकले. आईचा ठिपका गेटच्या अलीकडं थांबला. मग मागं फिरला आणि त्या गल्लीत शिरला.

“आली रे आली!” गोमटेशनं टाळी दिली.

टाळी घेताना युवराजला बरं वाटलं, खोटं कशाला बोला. मग त्यानं ठिपका आणखी पुढं नेला, गेटपासून लांब. ती आली. तो वर्कशॉपच्या रांगेच्या मागनं फिरला. तीही फिरली. स्टॉपपर्यंत ओढत न्यावं, तिथं हरवावं, म्हणजे कंटाळून बस धरून घरी जाईल, असा त्याचा हिशेब. पण हा पुढं जाईल तशी ती भरभर येऊ लागली. एकदा तर अगदी जवळ आली, दोन ठिपके चिकटायचेच बाकी, तेव्हा त्यानं घाबरून कळ जोरात ढकलली आणि तीन-चार कारखाने ओलांडून लांब पळाला. गिऱ्हाईक आलं, गोमटेश तिकडं गेला. युवराज एकटाच काउंटरशी वाकून आईला उन्हातनं पळवत राहिला.

आणि मग तिचा ठिपका थांबला.

त्यानं वाट बघितली. हलला नाही. त्यानं आपला ठिपका जरा मागं आणला, तिला दिसेल असा. तरी हलला नाही. भर दुपार, रस्त्याला झाड नाही, आईला बीपीची गोळी चालू. काय केलं मी हे, असं तो मोठ्यानं म्हणाला आणि गिऱ्हाईकानं वळून बघितलं. त्यानं फोन लावला. वाजला, वाजला, वाजत राहिला. आता तिनं कट पण केला नाही. परत लावला. आणि एकदाचा उचलला.

“आये?”

आधी नुसती धाप. मग आवाज आला. “जरा थांब की रं युवराजा. माझ्यानं न्हाय पळवत.”

“आये, बरी हाईस न्हवं? कुठं हाईस?”

“एका भित्तीच्या सावलीला टेकलोय. तुझ्याच मागनं येत हुतो. तू म्होरं म्होरं, मी मागनं. मला बघून पळालास व्हय रं? संगतीची माणसं असतील, हे असलं लुगडं नेसून आलो, तर लाज वाटली व्हय माझी?”

युवराजला हुंदका आवरेना. लग्न, खानापूर, जोतिबा, सगळं त्या हुंदक्यात गेलं.

“आये, मी तिथं न्हाय. माझी नोकरी कवाच गेली. मी निपाणीत हाय, गोमटेशच्या दुकानात. रोज हितंच येतोय.”

“न्हाय कसं? ठिपका हाय की. तुझा फोटू हाय, फेटा बांधलेला.”

“त्यो खोटा हाय आये. मीच हलवत हुतो, हितनं. बोटानं.”

फोनमधनं कुठल्यातरी मशीनचा ठोका ऐकू येत होता.

“मग मी एवढ्या उन्हाचा कुणाच्या मागनं पळालो रं?” ती म्हणाली.

रागानं विचारलं असतं तर त्यानं पाय धरले असते, रडला असता, काहीतरी केलं असतं. तिनं तसं विचारलंच नाही. तिला खरंच कळत नव्हतं. फोन कानाचा काढून त्यानं स्क्रीनवर बघितलं. कळ बंद केली की खरा ठिपका दिसणार, आईला दिसणार आणि खानापुरात सौम्यालाही दिसणार. तिनं बघितला तर विचारणारच, आणि मग सांगायला लागणार. त्यानं कळ बंद केली.

उद्यमबागेतला फेटेवाला फोटो नाहीसा झाला. ऋतिकानं शिकवल्यासारखं तिकडं जयाबाईंनी दोन बोटांनी नकाशा लहान केला असणार, आणखी लहान केला असणार, कारण बेळगाव, काकती, हायवे, सगळं ओलांडल्याशिवाय तो सापडण्यासारखा नव्हता. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

“लई लांब हाईस रं,” ती म्हणाली.

“येतो आये. आत्ता बस धरतो. हलू नकोस तिथनं, पाणी पी. सौम्याच्या घरी मीच सांगतो, तू कुणाला काय बोलू नकोस. मोडलं तर मोडू दे.”

“मोडंल न्हाईतर ऱ्हाईल. ते मागनं बघू.” तिनं नाक ओढलं. “ये तू. पर ह्या खेपेला तूच ये.”