दानीएलाचा पिंजरा

"बाई, सिंव्ह म्हंजी कसा वो?"

गोष्ट ऐन रंगात आलेली. राजाने दानीएलाला सिंहांच्या गुहेत टाकायचा हुकूम सोडला होता, पोरं तोंडं उघडी टाकून ऐकत होती, आणि पुढच्या रांगेतून हा प्रश्न आला. मालनबाई पारध्यांनी क्षणभर विचार केला.

"बिबट्या म्हाईत हाय ना? तसाच. जरा थोराड."

पोरं एकमेकांना खेटून बसली.

तशी मालनबाईंना ही जुनीच खोड. आठवडाभर शाळेत पोरांची खिचडी शिजवायची आणि रविवारी उपासनेआधी चर्चच्या पडवीत पोरांना बायबल शिकवायची शब्बाथ शाळा घ्यायची, यात त्यांचा जन्म गेला. शिक्षण म्हणाल तर सातवी. पण गोष्ट सांगावी ती त्यांनीच. परदेशातली गोष्ट त्या धरून गावात आणत. दावीदाच्या हातात गोफण देत आणि पदर खोचून ती गरगर फिरवूनही दाखवत. नोहाचं तारू खुशाल प्रवरेच्या पुरात लोटून देत आणि ते कोल्हारच्या पुलाला अडकलं की काय, अशी पोरांना धाकधूक लावत. चर्चचे पाळकसाहेब हसायचे. पण पोरांना कळतंय ना, मग झालं तर.

आज मात्र गुहेची पंचाईत होती. सपाट काळ्या रानातल्या पोरांनी गुहा कुठून पाहावी? त्यांनी पाहिला होता तो पिंजरा. फॉरेस्टवाल्यांनी उसाच्या कडेला आणून ठेवलेला, मागच्या कप्प्यात शेळी बांधलेला.

"राजानं त्याला बिबट्याच्या पिंजऱ्यात टाकलं," मालनबाई म्हणाल्या, "आन् दार लावून घेतलं."

हे बोलताना त्यांची नजर पार मागे गेली आणि तिथेच अडकली. चपलांच्या ढिगाजवळ दिशा बसली होती. तिचा धाकटा भाऊ हर्षल दिवाळीनंतर एका संध्याकाळी अंगणातून गेला. बिबट्याने उचलला. तेव्हापासून पोरगी पडवीत फिरकली नव्हती, आणि नेमकी आजच आली. गोष्ट फिरवावी का? पण निघालेली गोष्ट माघारी कशी न्यायची. शिवाय वस्तीतल्या आयाच मागे लागल्या होत्या, पोरं दिवसाढवळ्या परसाकडे जाईनात, बाई, जरा त्यांची भीती घालवा. आणि गोष्टीचा शेवट तर गोडच होता. ऐकून लेकराला बरंच वाटेल, असं म्हणून मालनबाईंनी गाडी पुढे हाकली. देवाने दूत पाठवला, जनावरांची तोंडं बंद केली, सकाळी दानीएल हसत बाहेर आला.

"त्याला कायबी झालं न्हाई?" मागून दिशाने विचारलं.

"वरखाडासुदीक न्हाई."

"कशामुळं?"

"त्याचा देवावर भरवसा हुता म्हणून."

दिशाने मान हलवली. मालनबाईंना काय आनंद झाला म्हणून सांगू. पोरगी बोलती झाली. दुपारी भाकरी खातानाही त्या एकट्याच हसत होत्या.

दिवस कलायला आला आणि मळ्याकडून आरोळी आली. पिंजऱ्याचं दार पडलं. बिबट्या सापडला.

मग वस्ती थोडीच घरात थांबते. हातातलं काम टाकून माणसं पळाली. कुणी काठ्या घेतल्या, कुणी मोबाईल. सगळ्यांच्या पुढे मोनिका होती, हर्षलची आई. लेकरू गेल्यापासून ही बाई धड रडलीही नव्हती. तिने वाटेत बांधावरचा दगड उचलला. चांगला दोन्ही हातांत मावेल एवढा. तिला कुणी अडवलं नाही. तिच्या मागे धापा टाकत मालनबाई होत्या. त्यांनाही ते जनावर एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

एका गड्याने पुढे होऊन पिंजऱ्याभोवतीचा पाला बाजूला केला आणि तो तसाच उभा राहिला.

आत दिशा बसली होती.

सकाळचाच फ्रॉक, मांडी घातलेली, हात जोडलेले. मधल्या गजांपलीकडे शेळी थरथर कापत होती. दिशा कापत नव्हती. एवढी माणसं बघून तिने फक्त हात खाली घेतले.

मोनिकाच्या हातातला दगड तिच्याच पायावर पडला. तिला कळलंही नाही.   मालनबाईंच्या कानात भरवशाचं एकच वाक्य घुमत होतं आणि ते त्यांचं स्वतःचं होतं, सकाळी पडवीत बसून, हातवारे करून सांगितलेलं.

फॉरेस्टचा गार्ड आदिनाथ मोटारसायकलवरून आला. त्याने चार गड्यांना हाताशी धरून दार उचललं, पोरीला बाहेर काढलं, आणि मग तो खाली वाकून बघत पिंजऱ्याभोवती फिरला. उसाला दुपारीच पाणी दिलेलं होतं. चिखल ओला होता.

"ह्ये पंजाचं ठसं बघा," तो हळू आवाजात म्हणाला. "ताजं हायती. इकडून आला, पार फेरा मारला, हितं बसला हुता. पोरीचं वजन पिंजऱ्यातल्या पाटीवर पडलं आन् दार आधी पडलं, म्हणून निभावलं. दार उघडं असतं तर..."

 पुढचं ज्याला त्याला दिसलं. एका म्हाताऱ्याने टोपी काढून हातात घेतली.

पण माणसाचं मन मोठं लबाड. माणसं हळूहळू एकमेकांकडे बघू लागली. देवानं राखलं, कुणीतरी म्हणालं. दानीएलावानीच, दुसरं म्हणालं. पाळकसाहेब पोचले तोवर त्याचा चमत्कार झाला होता. त्यांनी तिथेच प्रार्थना केली आणि मालनबाईंचा खांदा धरून म्हणाले, "बाई, तुमच्या शिकवणीला फळ आलं. पुढच्या रविवारी तुम्ही चर्चमध्ये सगळ्यांपुढे साक्ष द्यायची."

 मोनिकाला बायकांनी बांधावर बसवून पाणी पाजलं. तेवढ्यात दिशा मालनबाईंजवळ आली आणि त्यांच्या कानाशी वाकली.

"बाई, त्यो आला हुता. माझ्याकडं बघितलं आन् गेला. म्हंजी त्ये खरं हाय ना?"

"काय गं?"

"देव तोंड बंद करतो त्ये. मंग मी हर्षलला खोटं न्हाई सांगितलं."

मालनबाईंना काहीच उमगेना. "काय सांगितलं हुतंस तू हर्षलला?"

"त्याला लघवीला जायचं हुतं. एकटा जाईना. मला म्हणला, दिदी, चल. मी टीव्ही बघत हुते." दिशाने फ्रॉकचं टोक मुठीत धरलं. "मी म्हणले, जा. भिऊ नको. बाईंनी सांगितलंय, देव संगं असतो. मंग गेला त्यो."

 मालनबाईंना ऊस दिसेना, माणसं दिसेनात. त्यांनी पोरीला जवळ ओढलं, एवढंच त्यांना करता आलं.

"आईला सांगितलंस?"

"न्हाई. कुनालाच न्हाई."

तो आठवडा मालनबाईंनी कसा काढला, ते त्यांचं त्यांना ठाऊक. खिचडीत दोनदा मीठ पडलं. पोरांनी नाकं मुरडली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. त्यांना देवाचा राग आला होता आणि आपल्याला देवाचा राग येतोय, याचीच त्यांना धास्ती बसली होती. पोरीचं गुपित फोडावं तर आईच्या नजरेतून पोरगी कायमची उतरेल. झाकावं तर पोरगी त्याखाली चिरडून जाईल. आज पिंजऱ्यात बसली, उद्या कुठे जाऊन बसेल?

रविवारी चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. चमत्कार ऐकायला शेजारच्या गावची माणसंही आली होती. पाळकसाहेबांनी नाव पुकारलं. मालनबाई पुढे गेल्या.

"पोरीला पिंजऱ्याच्या गजांनी राखलं," त्या म्हणाल्या. "चमत्कार म्हणू नका. माझी लाज झाकायला तर म्हणूच नका."

माणसं चुळबुळली.

"भरवसा असला की जनावर खात न्हाई, असं मी शिकवलं. त्ये चूक हाय. हर्षलचा भरवसा कमी न्हवता. चार वर्साचं लेकरू, भरवशावरच तर बाहेर गेलं. त्याचं कायबी चुकलं न्हाई. त्याच्या घरातल्या कुनाचंबी चुकलं न्हाई. एकटं जायला भिऊ नका, देव संगं असतो, ह्ये मी सांगितलं हुतं. मी. ह्या पडवीत. कुनाला बोल लावायचा आसल तर मला लावा."

पाळकसाहेबांनी घाईघाईने गीत सांगितलं, पण कुणी सूर धरला नाही. मोनिका बायकांच्या बाजूला ताठ बसली होती. ती मालनबाईंकडे बघत राहिली, मग शेजारी बसलेल्या दिशाकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. दिशाची मान खाली होती. आईला काय कळलं नि काय नाही, कुणी सांगावं. ती पोरीचा हात धरून उठली आणि उपासना संपायच्या आत निघून गेली.

पाळकसाहेब नंतर म्हणाले, "बाई, थोडे दिवस तुम्ही विसावा घ्या." याचा अर्थ न कळण्याइतक्या मालनबाई भोळ्या नव्हत्या. तरी पुढच्या रविवारी त्यांनी पडवी झाडली आणि सतरंजी अंथरली. एकही पोर आलं नाही. आयांनी पाठवलंच नव्हतं. मालनबाई भिंतीला टेकून बसल्या. आतून पेटीवर कुणीतरी गीत बसवून बघत होतं.

मग फाटकाशी मोनिका दिसली. दिशाला हाताला धरून आणत होती. पडवीत येऊन तिने पोरीला सतरंजीवर बसवलं. मालनबाईंना वाटलं, आता ही जाईल. पण मोनिका पोरीला खेटून स्वतःच खाली बसली.

"आज कंची गोष्ट वो बाई?" दिशाने विचारलं.

 इतक्या वर्षांत पोरांपुढे मालनबाईंची गोष्ट कधी सरली नव्हती.

"आज माझ्यापाशी न्हाई गं," त्या म्हणाल्या. "आज तू सांग. हर्षल कसा हुता, त्ये सांग."

दिशाने आईकडे बघितलं. आई खाली सतरंजीकडे बघत होती.

"त्याला चप्पल घालता येत नव्हती," दिशा हळूच म्हणाली. "उलटीच घालायचा. सांगितलं तरी उलटीच."

तिने सतरंजीवर दोन तळवे उलटे मांडून दाखवले. 

"आन् बदलून दिली तर रडायचा," मोनिका म्हणाली.

 मालनबाई दोघींच्या जवळ सरकल्या आणि ऐकत राहिल्या.