तिसऱ्या लाइनीतल्या निळ्या बाटल्या

भंडारा शहरात मी तीन रस्त्यांवर राहिले आहे. रस्ता माणसाला घडवतो असे म्हणण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही. माणसाच्या मूर्खपणाला रस्ता आकार देतो, एवढे मात्र तीन नमुन्यांवरून सांगता येते.

पहिला रस्ता म्हणजे तलावाकाठची गल्ली. ती इतकी अरुंद होती की समोरच्या घरातल्या फोडणीच्या वासावरून त्यांच्याकडे पाहुणे आलेत की नाहीत हे कळे. ताप, भांडण, मुलीला पाहायला आलेले लोक, यांतले काहीही तिथे खाजगी राहू शकत नसे. शेजारच्या रेवताबाई टोपलीतून मासळी विकत, आणि माशांची डोकी मिळतात म्हणून गल्लीतली सगळी कुत्री त्यांच्या ओळखीची होती. त्यांतला काळ्या एकदा सिलिंडरवाल्याला चावला. पाच मिनिटांत अकरा माणसे जमली आणि चार उपचार सुचवले गेले. त्यांपैकी तीन निरुपयोगी होते आणि एक घातक. रेवताबाईंनी मात्र टोपली रस्त्यातच ठेवली, एका पोराच्या स्कूटरवर त्या माणसाला बसवले आणि सरकारी दवाखान्यात धाडले. अज्ञान त्या गल्लीत भरपूर होते. पण त्याला फाटक नव्हते, त्यामुळे शहाणपणही अधूनमधून आत येऊ शके.

दुसरा रस्ता सरकारी क्वार्टरांचा. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षे रसायनतज्ज्ञ होते, त्यातली एकोणीस तिथे गेली. सगळी घरे एकाच पिवळ्या रंगाची होती आणि माणसे हुद्द्याने ओळखली जात. तिथे कुणाला कुत्रे चावले असते, तर ते कुत्रे कोणत्या खात्याच्या हद्दीत येते याचा निर्णय आधी झाला असता.

निवृत्तीनंतर मी शहराबाहेरच्या एका ले-आऊटमध्ये घर घेतले. धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरे, बुजवून आखलेल्या या वस्तीतले रस्ते सरळ आहेत आणि त्यांना ‘लाइन’ म्हणतात. माझी तिसरी लाइन, बावीस घरांची. प्रत्येक घराला छातीएवढी भिंत आणि लोखंडी फाटक आहे. फाटकावर मालकाचे नाव, त्याखाली त्याने सोडलेल्या पदाचे नाव, आणि त्याखाली तारेला टांगलेली, रंगीत पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची बाटली. बाटलीला कुत्रे भितात आणि फाटकापाशी बसत नाहीत, असा समज विदर्भात बराच पसरला आहे. तो कुठून आला हे कुणाला ठाऊक नाही आणि कुणी विचारतही नाही. प्रश्न विचारायला शेजाऱ्याच्या फाटकात जावे लागते. बाटली आपल्या फाटकावरूनच पाहून टांगता येते.

आमच्या लाइनीत ही प्रथा श्यामलालजींनी आणली. ते मूळचे सिहोऱ्याचे, महसूल खात्यातून मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालेले आणि ले-आऊट समितीचे अध्यक्ष. कोणतेही मत ते सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखे देत: एकदा नोंद झाली की फेरफार नाही. सुरुवातीला त्यांनी लाल पाणी ठरवले होते. मी राहायला आले त्या आठवड्यात त्यांनी मलाही बाटली आणून दिली. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या दोनच प्रकारच्या पेशी असतात, लाल रंग त्याला मळकट पिवळसर दिसतो आणि निळा मात्र ओळखू येतो, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी लक्षपूर्वक ऐकले. पुढच्या रविवारी एकोणीस फाटकांवरच्या बाटल्यांत नीळ कालवलेली होती, आणि बदल मॅडमच्या सल्ल्याने झाल्याचे लाइनीत सांगितले जात होते. विज्ञानाचा प्रसार व्हावा असे म्हणणाऱ्यांनी या प्रसंगावर विचार करावा.

मग मी मोजायला बसले. ऑक्टोबरच्या उन्हात चौदा दिवस, सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, प्रत्येक फाटकापुढे किती कुत्री आहेत याची वही ठेवली. बाटलीवाल्या फाटकांपुढे घरटी कुत्री किंचित जास्तच निघाली. त्याचे कारणही गूढ नव्हते. ज्यांना बाटली टांगायची हौस त्यांनाच फाटकाला छप्पर करायची हौस, आणि छपराखाली सावली असते. नोव्हेंबरच्या सभेत मी तक्ता वाचून दाखवला. छपराचा मुद्दा सांगून थांबले असते तर बरे झाले असते. थांबले नाही. अध्यक्षांनी कुत्र्यांसाठी निळ्या दिव्यांचे विश्रामगृह उघडले आहे, असे मी म्हणाले. लोक हसले. श्यामलालजींची सून प्रेरणा, जी शाळेत शिकवते, तीही हसली आणि मग खाली पाहू लागली.

श्यामलालजी हसले नाहीत. हसणे ओसरेपर्यंत थांबून ते म्हणाले, “कुत्रे बसले किती, हे कायले मोजता मॅडम? चावले किती, ते मोजा. माणूस बसल्यानं मरत नाही.”

आक्षेप उत्तम होता. आमच्या लाइनीत ऐकलेला तो एकमेव शास्त्रीय आक्षेप होता, आणि मी तो मान्य केला. वहीत ‘दंश’ असा नवा रकाना आखला. पुढची सभा सव्वीस जानेवारीला होती, तेव्हा झेंडावंदनानंतर मी तो आकडा वाचून दाखवावा असे ठरले. आकडा शून्य आला तर बाटल्या जिंकल्या, एक जरी आला तरी हरल्या, असा अर्थ सगळ्यांनी काढला. इतक्या लहान नमुन्यावरून दोन्ही निष्कर्ष चूक ठरतात, हे मी सांगितले. ते कुणी ऐकले नाही. खरे सांगायचे तर, मीही फारसे जोर देऊन सांगितले नाही. एक तरी येईल अशी माझी अपेक्षा होती.

डिसेंबरच्या एका शुक्रवारी भर दुपारी प्रेरणा माझ्या फाटकाशी आली. आमच्या लाइनीत दुपारी कुणी कुणाकडे जात नाही, म्हणून ती दोनदा मागे वळून पाहत होती.

“मॅडम, मामाजीले कुत्रा चावला,” ती सासऱ्यांबद्दल म्हणाली. “काल सकाळी. सांगून नाही राहिले कोणाले. पायजम्याले तिखट लागलेलं दिसलं म्हणून मले समजलं.”

तिच्या सांगण्यातून जुळले ते असे. गुरुवारी पहाटे श्यामलालजी फाटकावरची जुनी बाटली काढून नवी बांधत होते. त्याच बाटलीखाली, छपराच्या कोपऱ्यात, एका कुत्रीने पिल्ले घातली होती. ती चार दिवसांपासून तिथे होती, आणि ती तिथे असूच शकत नाही यावर दृढ विश्वास असल्याने श्यामलालजींनी खाली पाहिले नाही. पाय पिल्लावर पडला. कुत्री डाव्या नडगीला चावली. दोन खोल जखमा, रक्त आले. त्यांनी जखमेत तिखट भरले, वर चुना लावला आणि पाय घसरला असे घरी सांगितले. प्रेरणाने दवाखान्यात चला म्हटल्यावर त्यांनी तिला देवघरापुढे उभे करून शपथ घातली की बाहेर बोलायचे नाही. तिचा नवरा कामासाठी बाहेरगावी होता आणि फोनवर बाबांना विचारतो म्हणाला होता. बाबांनी त्याला पाय घसरल्याचे सांगितले.

“तुम्ही शपथ मोडलीत तर,” मी म्हटले.

“तुमच्या वहीत लिहायले नाही मोडली,” प्रेरणा म्हणाली. “तुम्ही सभेत ते विश्रामगृहाचं बोलल्या नसत्या, तं ते कालच गेले असते.”

 मी ते वाक्य तपासून पाहिले. त्यात चूक सापडली नाही.

रेबीजबद्दल एक गोष्ट निश्चित आहे. लक्षणे दिसू लागल्यावर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि लक्षणांआधी लस वेळेवर घेतली तर जवळजवळ कधीच मरत नाही. वैद्यकात इतकी स्वच्छ सीमारेषा क्वचित आढळते. जखम होऊन तीस तास झाले होते. श्यामलालजी त्या रेषेच्या अलीकडे होते, आणि त्यांना लसीपासून अडवून धरणारी वस्तू माझ्या टेबलावर होती: निळ्या पुठ्ठ्याची दोनशे पानी वही.

मी गेले तेव्हा ते पाय पाटावर ठेवून बसले होते. मला पाहताच पाय धोतराखाली गेला. आधी साबणाने, वाहत्या पाण्याखाली, पंधरा मिनिटे जखम धुवायची, असे मी सांगितले. तिखटाने विषाणू मरत नाही, फक्त रोगी ओरडतो, हेही सांगितले.  मृत्यूचे वर्णन केले. पाण्याची भीती, घशाचे आचके, शेवटचे दोन दिवस. त्यावर ते शांतपणे म्हणाले की कुत्री लाइनीतली आहे, पिसाळलेली दिसत नाही, आणि त्यांच्या आजोबांना सिहोऱ्यात कोल्हा चावला होता, ते नंतर वीस वर्षे जगले. एका आजोबावरून काढलेला नियम. मी तसे म्हणणार होते. प्रेरणा दारात उभी होती. मी म्हटले नाही.

वहीत लिहिणार नाही, असे मी सांगितले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. दवाखान्यात जाताना पाहणारे पाहतील, ते म्हणाले. उद्या सगळी लाइन विचारेल, आणि मॅडमने लिहिले नाही तरी मॅडमचे तोंड सांगेल.

“मी जिंकले असे वाटते तुम्हाला?” मी विचारले.

“मले नाही वाटत. लाइनीले वाटंल.” त्यांनी पाय पुन्हा पाटावर ठेवला. “एक काम करा. तुमच्या गेटाले बाटली लावा. मंग येतो मी. चारही सुया होईपर्यंत ते लटकली पाहिजे. बाटली उतरली, का मीही थांबलो.”

प्रेरणा म्हणाली, “मामाजी, काहूनजी असं?”

“तू चूप राह्य, बाई. हे आमच्या दोघाइचं आहे.”

मी हिशेब मांडला. बाटलीचा कुत्र्यांवर परिणाम शून्य, हे माझेच मोजमाप. म्हणजे ती टांगल्याने जगात काहीही बदलणार नव्हते. पारड्याच्या दुसऱ्या बाजूला एक माणूस होता. माझ्या तत्त्वांनुसार निर्णयाला अर्धा सेकंद लागायला हवा होता. प्रत्यक्षात बराच वेळ लागला, आणि त्या वेळात मी काय तोलत होते हे लिहून ठेवणे मला अप्रिय आहे. मग मी त्यांच्याकडचीच बाटली घेतली, नीळ कालवली, आणि भर दिवसा माझ्या फाटकाला बांधली. समोरच्या तीन घरांचे पडदे हलले. श्यामलालजी आपल्या घरातून पाहत होते. मी त्यांच्याकडे परतले तेव्हा ते मोरीत बसून जखम धुवत होते आणि प्रेरणा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून मिनिटे सांगत होती.

दवाखान्यात ते चेहऱ्याला दुपट्टा गुंडाळून माझ्या गाडीच्या मागच्या सीटवरून आले. जखमेभोवती टोचतात ते औषध मिळाले, पहिली लस मिळाली. उरलेल्या तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. लसीच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या आठ जणांना मी त्यांच्या दाराशी बाटली आहे का ते विचारले. पाच जणांनी हो म्हटले. श्यामलालजींनी दुपट्ट्याआडून सांगितले की त्या बाटल्यांत नीळ कमी पडली असणार.

त्या कुत्रीवर मी दहा दिवस लक्ष ठेवले. ती भात खात होती, पिल्ले पाजत होती, आणि दहाव्या दिवशीही ठणठणीत होती; म्हणजे चावली तेव्हा तिच्या लाळेत विषाणू नव्हता. हे मी श्यामलालजींना सांगितले, कारण भीतीने त्यांची झोप गेल्याचे प्रेरणा म्हणाली होती. दुसऱ्या दिवसापासून त्यांना झोप येऊ लागली, आणि त्यांनी निष्कर्ष काढला की बाटल्यांच्या लाइनीत राहणाऱ्या कुत्रीत विष कुठून राहणार. मी बोलले नाही. तोवर सगळ्या लसी झाल्या असत्या तर कदाचित बोलले असते. प्रत्यक्षात एक राहिली होती, आणि ती बाकी असताना वाद घालणे मला परवडणारे नव्हते.

माझी बाटली मात्र लाइनीत काम करत होती. उरलेल्या दोन कोऱ्या फाटकांवरही आठवड्यात बाटल्या आल्या. एका घरातल्या निवृत्त प्राचार्यांनी मला थांबवून सांगितले की त्यांचा यावर विश्वास नव्हता, पण सायन्सवाल्या बाईंनी चौदा दिवस मोजून शेवटी स्वतः लावली, यावरून काय ते समजले. सोळा जानेवारीला चौथी लस झाली. सतरा तारखेला सकाळी मी विळीने दोरी कापली. अठराला फाटकावर नवी बाटली होती, धानाच्या भाऱ्याला मारतात तशा गाठीने बांधलेली. अशी गाठ लाइनीत एकाच माणसाला येते. मी ती उतरवली नाही. बाटलीच्या खाली चिठ्ठी नव्हती. फक्त प्रेरणाने पाठवलेला तिळाच्या लाडवांचा डबा फाटकाच्या खांबावर ठेवलेला होता.

सव्वीस तारखेला झेंडावंदन झाले. मोकळ्या जागेतल्या शेडखाली सभा भरली. माझी वही श्यामलालजींनी सकाळीच मागून घेतली होती. ते उभे राहिले, नडगी खाजवली, चष्मा लावला आणि बावीस घरांपुढे ‘दंश’ या रकान्यातला आकडा मोठ्याने वाचला. शून्य. टाळ्या पडल्या. पाणी तपासण्याच्या एकतीस वर्षांत मी एकही खोटी नोंद केली नव्हती. एका नळाच्या नमुन्यासाठी आमदाराच्या माणसाचा फोन आला तेव्हासुद्धा नाही.

त्यांनी वही मिटली आणि माझ्याकडे पाहिले. दोन खोल व्रण असलेला तो पाय दुसऱ्या पायामागे गेला होता.

“नोंद बराबर आहे ना मॅडम?”

सगळी लाइन माझ्याकडे वळली. प्रेरणा हातातल्या लहान झेंड्याची काडी फिरवत होती.

“नोंद माझ्या हातची आहे,” मी म्हटले आणि वही परत मागून घेतली.