पिंपळाच्या शेंड्यावरचा टुकटुक

आधी भांग नीट करून घ्या, मग ऐका. माझ्यासमोर आलेला माणूस स्वतःला पाहिल्याशिवाय दुसऱ्याचं ऐकत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. मी आरसा, खामगावातल्या हबीबच्या केशकर्तनालयातला. महाराष्ट्र राज्य झालं त्याच साली हबीबने मला आणून खुर्चीसमोर टांगलं.

खरं सांगू? तोंडं पाहून पाहून मी कंटाळलो होतो. व्यापारी असो की नवरदेव, जो तो आधी मिशाच बघणार. त्यांच्या मागे उघडं दार, दारापलीकडे पिंपळ, त्यावर साळुंक्यांची भांडणं. पण तिकडे कुणी ढुंकून पाहील तर शपथ!

पाहिलं ते उकंडरावांनी. हे कापसाच्या जिनिंगमधले म्हातारे हमाल. सरकीची पोती वाहून त्यांची मान पुढे वाकली ती कायमचीच. रस्त्याने जाताना त्यांना लोकांची पायताणं तेवढी दिसायची. एकदा दाढीला बसले, खुर्ची मागे कलली आणि नजर माझ्यावर आली. माझ्यात पिंपळावरचा दयाळ पक्षी दिसत होता. म्हातारा लहान पोरासारखा हरखला.

मग दाढी नसली तरी ते रोज येऊ लागले. कावळा वाळला तुकडा पाण्यात बुडवून काऊन खातो, कोतवाल पक्ष्याला लांब शेपटीची अडचण होत नसेल का, असं त्यांचं चालायचं. ते माझ्यात बघून "डाव्या फांदीवर" म्हणत, हबीब वळून आपल्या डावीकडे बघे आणि तिथे काहीच नसे. रोज दोघांची जुंपायची आणि मला मोठी गंमत वाटायची.

फाल्गुनात पिंपळाची पानं गळाली आणि वरून टुक, टुक, टुक सुरू झालं. शेजारच्या गल्लीत फारुख पत्र्याच्या बादल्या बनवायचा. त्याचाच हातोडा, असं उकंडरावांनी गृहीत धरलं होतं. पण फारुख लग्नाला बाहेरगावी गेला तरी टुकटुक आपली चालूच. मग कळलं, हे पाखरू आहे. ते शेंड्यावर बसायचं आणि दाराच्या चौकटीमुळे शेंडा काही माझ्यात येत नव्हता. मराच्या आंधी त्याले एक डाव पाहाचं हाये, असं ते हबीबला सारखं सांगायचे.

त्यातच एक चिमणा माझ्यामागे लागला. माझ्यातला चिमणा त्याला वैरी वाटायचा. दिवसभर चोच मारून मारून त्याने माझी काच रक्ताने माखली. डबा घेऊन आलेली हबीबची बायको खैरुन्निसा म्हणाली, चिमण्यांसाठी घरचा आरसा झाकतो तसं याच्यावरही फडकं टाका. हबीब घुटमळला. उकंडरावांनी मात्र स्वतःच टॉवेल ओढला.

"झाक त्याले. पाखराचं रगत काढून मले पाखरं नाही पाहाची."

ते यायचे थांबले. मी टॉवेलखाली अंधारात. बाहेर टुकटुक चालूच होतं आणि मला फार वाईट वाटत होतं.

एका सकाळी हबीबने मला खिळ्यावरून काढलं आणि गिऱ्हाइकांसाठी हातातला छोटा आरसा काढून ठेवला. पिंपळाखालच्या ओट्यावर उकंडराव टुकटुक ऐकत बसले होते. त्याने मला त्यांच्या मांडीवर ठेवलं, उताणं.

"काका, मान खालीच असू द्या. आता पाहा."

आईशप्पथ, आभाळ मी तोवर पाहिलंच नव्हतं! केवढं ते! आणि शेंड्याच्या उघड्या फांदीवर एक हिरवं पाखरू, कपाळावर लाल टिळा. प्रत्येक टुकला त्याचा गळा फुगत होता.

"मूठभर बी नाही बे हा," उकंडराव म्हणाले. माझ्यावर टपकन पाणी पडलं. पाखरू पुसट होऊ नये म्हणून त्यांनी ते घाईघाईने बाहीने पुसलं.

आता माझा पारा कडेने उडालाय. भिंतीवर मी परत गेलो नाही, सकाळची मांडी माझी ठरलेली आहे. तुमची मान तर वर होते ना? मग झाला असेल भांग, तर बघा की जरा वर.