आवाजाची पत्ती

माझ्या धंद्यात डोकं उठवणारी माणसं काही कमी नाहीत. कुणी कीबोर्डात अख्खा कप चहा ओततो आणि मलाच विचारतो, आत ओल कशी आली. कुणी बटणं धुवायला म्हणून उपटतो आणि पिशवीत भरून आणतो, जशी काही शेंगांची टरफलं. पण या सगळ्यांनी मिळून दिला नसेल तेवढा वैताग मला माझ्या घरातल्या दोघांनी दिला. एक आमची ही, दुसरे तिचे वडील. तिसरा गाढव मी स्वतः, त्याचं पुढे सांगतो.

मी जुने कीबोर्ड दुरुस्त करतो. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचे, विटेसारखे जड, डोक्यात घातला तर माणूस जाईल पण कीबोर्ड चालू राहील असे. सासरे आमच्याकडे राहायला आले ते असलाच एक छातीशी धरून. बॅगा मी उचलायच्या, कीबोर्डाला हात लावायचा नाही.

एका वकीलबाईंचं टायपिंग ते सत्तावीस वर्षं करतायत. बाई हाताने लिहून पाठवतात, हे टाइप करून देतात, आणि बाई न वाचता सही करतात. "न वाचता," हे दर दोन घासांमागे ऐकायचं. बायको गेली, घर सुटलं, कान गेले, पण बाई न वाचता सही करतात, यावर म्हातारा ताठ होता.

कानाला मशीन आहे, पण टाइप करताना ते काढून ठेवतात. म्हणे टोचतं. आणि पहाटे पाचला सुरू. पत्र्यावर गारा पडाव्यात तसं. त्यांना काही ऐकू येत नाही, ऐकतो आम्ही.

"अहो, काहीतरी करा," ही उशीखालून म्हणाली.

"तुझे वडील आहेत, तू सांग."

"मी सांगितलं तर त्यांना वाटेल आपल्याला ते नकोसे झालेत. तुमचा धंदाच आहे ना हा? साऱ्या जगाचे कीबोर्ड नीट करता."

"हा बिघडलेला नाहीये गं."

"मग बिघडवा!"

आता या कीबोर्डातलं एक सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. प्रत्येक बटणाखाली एक डबीसारखा स्विच असतो. त्यात नखाएवढी पत्र्याची पत्ती. बटण दाबलं की ती पत्ती अडते, मग सुटते, आणि कट्ट करते. ती काढली तरी अक्षर उमटतं, फक्त आवाज जातो. मी विचार केला, ऐकू तर काही येत नाही, म्हाताऱ्याला पत्ता कसा लागणार? वा रे माझी अक्कल.

"बाबा, साफ करून आणतो," असं सांगून कीबोर्ड दुकानात नेला. चिमट्याने एकेक स्विच उघडून एकशे एक पत्त्या काढल्या, वर प्रत्येक बटणाखाली रबराची चकती घातली. पत्त्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत टाकल्या. पाठ मोडली, पण कीबोर्ड असा गुपचूप झाला की माझा मलाच अभिमान वाटला.

आठ दिवस आम्ही साडेसातपर्यंत झोपलो. ही इतकी गोड बोलायला लागली की मलाच धास्ती वाटली.

नवव्या दिवशी वकीलबाईंकडून गठ्ठा परत आला. पानापानावर लाल पेन. कुठे अक्षर गाळलेलं, कुठे दोनदा पडलेलं, एका जागी पक्षकाराचा काकाच गायब. सोबत चिठ्ठी, "तब्येत बरी आहे ना? जरा बघून घ्याल का?"

सासऱ्यांनी ती चिठ्ठी तीनदा वाचली. सत्तावीस वर्षांत बाईंनी पहिल्यांदा वाचलं होतं.

मग जास्त जोर लावून टाइप करायला लागले. चुका वाढल्या. बोटं दुखायला लागली. डॉक्टरकडे गेले. त्याने हात दाबून बघितले आणि म्हणाला, वय झालं, नसा मंदावतात. वर एक रबरी चेंडू दिला दाबायला. म्हातारा दिवसभर खुर्चीत बसून चेंडू दाबतोय आणि आमच्याकडे बघत नाहीये.

स्वयंपाकघरात आमची जुंपली.

"तुम्हीच केलंत हे!"

"तूच म्हणालीस बिघडवा!"

"मी आवाज म्हणाले, हात नाही म्हणाले!"

आणि मला चूक कळलीच होती, हीच तर गंमत. गिऱ्हाइकाला मी रोज सांगतो, बाबा रे, ही पत्ती नुसती आवाजाची नाही, ती बोटाला अडते म्हणून बोटाला कळतं की अक्षर लागलं. परक्याला रोज सांगायचं आणि घरात स्वतःच्या हाताने काढायची. पण कबूल कोण करणार? मी रोज म्हणत होतो, उद्या. उद्या गुपचूप परत घालू.

एका सकाळी बघतो तर सासरे पेनाने लिहीत बसलेत. मी मागून डोकावलो. "बाई, आता दुसरा माणूस बघावा. माझे हात गेले."

आता काय गुपचूप घालता!

"बाबा, हात गेलेले नाहीत," मी म्हणालो.

ढिम्म. मशीन कानात नव्हतं.

"बाबा! हात ठीक आहेत!"

"काय?"

"पत्त्या काढल्यात! मी काढल्या! तुमच्या कीबोर्डातल्या!"

शेजारच्या दोन खिडक्या उघडल्या. सासऱ्यांनी सावकाश मशीन कानात घातलं. "आता बोला, जावईबापू. जगाला ऐकवून झालं, मला सांगा."

सांगितलं. सगळं. ही दारात पदर तोंडाला लावून उभी. म्हाताऱ्याने आधी मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"किती काढल्या?"

"एकशे एक."

"म्हणजे मी पंधरा दिवस चेंडू दाबतोय."

"हो."

"उठा. घाला."

दुकानात समोर बसून घालून घेतल्या. पत्तीची बाजू उलटी झाली की बटण अडकतं, आणि एवढा माणूस डोळे वटारून बसला की हात कसे चालणार? डबीत अठ्ठ्याण्णवच सापडल्या, उरलेल्या तीन दुसऱ्या एका मेलेल्या कीबोर्डातून काढल्या. घातलेलं प्रत्येक बटण ते डोळे मिटून दाबून बघायचे. "ही ढिली आहे. पुन्हा." "हो बाबा." "ही चालेल. ही नाही." सात तास! स्वतःच्या लग्नात मी एवढं ऐकून घेतलं नव्हतं.

शेवटी त्यांनी कीबोर्ड दुकानातल्या कॉम्प्युटरला लावायला सांगितला, बरोबर आणलेल्या गठ्ठ्यातलं लाल पेनाचं पहिलं पान समोर ठेवलं आणि टाइप केलं. गारा पडल्या. एकही चूक नाही. दुसरं पान, तिसरं. मला वाटलं, आता म्हातारा हसेल, निदान शिवी तरी देईल. त्यांनी बाईंना लिहिलेलं पत्र खिशातून काढलं, फाडलं, आणि आजूबाजूला बघितलं.

"उजेड चांगला आहे इथे."

"बाबा, घरी चला ना. ही वाट बघत असेल."

"घरी माणसांना झोप लागते. हे टेबल जरा खिडकीकडे सरकवा. आणि तुमचं ते स्टूल द्या, या खुर्चीत कंबर जाते."

"ते माझं कामाचं स्टूल आहे."

"मग मी काय करायला आलोय, नाचायला?"

घरी ही साडेसातपर्यंत झोपते. मला पाचला उठून दुकान उघडावं लागतं. सासरे टाइप करतात, गिऱ्हाइकांना माझ्या कामातल्या चुका सांगतात, आणि मी उभ्याने सोल्डरिंग करतो. काल गठ्ठा गेला. आज बाईंची सही होऊन आला, लाल काही नाही.

"न वाचता," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "अहो, पंखा कमी करा. पानं उडतायत."