घंटा वाजायच्या आधी

सासऱ्यांनी चहाचा कप तोंडाला लावला तेव्हा सून बूट घालून दाराशी उभी होती, एक हात कडीवर ठेवून.

"अगं, घोटभर पिऊ दे," ते म्हणाले. "मैदान काही उठून पळत नाही."

"गर्दी होईल, बाबा."

"या वाऱ्यात? कोण तडमडायला येतंय?"

पण त्यांनी चहा अर्धा ठेवला आणि टोपी उचलली. बेटावर आल्यापासून हे असंच चाललं होतं. सून जेवताना एक पाय टेबलाबाहेर ठेवून बसे. समुद्राकडे तोंड करून टाकलेल्या आरामखुर्चीत टेकली की लगेच उठून खोलीत जाई आणि खोलीत गेली की पुन्हा बाहेर. हातातला टीव्हीचा रिमोट सारखा एका वाहिनीवरून दुसरीवर. सासरे सगळं पाहत होते आणि पेपर वाचत असल्याचं सोंग करत होते.

ही सुट्टी त्यांचीच कल्पना. जन्मभर शाळेत कवायत शिकवलेला माणूस. निवृत्तीनंतर गोल्फचं वेड लागलं आणि त्यात त्यांनी सुनेलाही ओढलं. मुलाला या खेळाचा कंटाळा, पण सुनेचा हात चांगला बसला होता. या बेटावर तीन गोल्फ कोर्स होते, तिन्ही कुणालाही खुले. सभासद असायला नको, कुणाची ओळख नको, सकाळी जाऊन नाव सांगायचं आणि खेळायला लागायचं. "तिन्ही खेळून येऊ," ते मुलाला म्हणाले होते. "तुला रजा नाही ना? मग मी नेतो तिला. इथे घरात ती फरशी झिजवणार."

सून विमानतळाच्या मनोऱ्यात काम करत होती. विमानांना उंची सांगायची, वळण सांगायचं, थांबा म्हणायचं, या म्हणायचं. वर्षानुवर्षं केलेलं काम. मग महिन्यापूर्वी एका दुपारी दोन विमानं हवेत नको इतकी जवळ आली. कुणाला काही झालं नाही. चौकशीत रेडिओ यंत्रणेतला बिघाड निघाला, तिच्यावर ठपका आला नाही. पण दुसऱ्या दिवशी ती खुर्चीवर बसली आणि तिचा हात माईकच्या बटणावरून निघेचना. साहेबांनी तिला बाहेर बोलावलं आणि रजेवर जायला सांगितलं.

पहिला कोर्स टेकडीवर होता. तिथे ती जवळजवळ धावतच खेळली. आज दुसरा, समुद्रालगतचा. वाळूच्या उंच टेकाडांवर खरखरीत गवत माजलेलं, वारा कानात शिरून घोंघावतोय, आणि गोल्फगाडी हाकणारी सून वळणावरसुद्धा वेग कमी करत नाहीये.

"सूनबाई, मला अजून नातवंडांचं तोंड बघायचंय," सासरे गाडीची दांडी घट्ट धरून म्हणाले.

ती हसली नाही. पुढे एक बाई एकटीच खेळत होती आणि फार हळू खेळत होती. प्रत्येक फटक्याआधी चारदा चेंडूभोवती फिरायची, मग मागे जाऊन डोळे बारीक करून बघायची, मग पुन्हा फिरायची. सून दर वेळी कमरेवर हात ठेवून उभी.

"लग्नाचा मुहूर्त बघतेय का ही?"

"बघू दे गं. आपल्याला कुठे बोट पकडायचीय?"

मग ते त्या होलपाशी आले जिथे समोर नुसतं टेकाड होतं. चेंडू ज्या भोकात घालायचा ते टेकाडापलीकडे, इथून दिसतच नव्हतं. पाटीवर लिहिलं होतं: पलीकडचे खेळाडू बाजूला झाले की घंटा वाजवतील, तोवर मारू नये.

ते थांबले. वारा वाहत राहिला. सुनेने चेंडू ठेवला, क्लबचा दांडा हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला.

"गेली असेल ती," ती म्हणाली.

"घंटा वाजू दे."

"विसरली असेल वाजवायला. इतका वेळ कुणी लावतं का?"

"अगं, थांब जरा—"

पण तिने फटका मारला होता. या सुट्टीतला तिचा सगळ्यात सुंदर फटका. चेंडू टण्‌कन निघाला, वाऱ्याला न जुमानता सरळ टेकाडावरून गेला, आणि दिसेनासा झाला. सासऱ्यांनी तोंडापुढे हात धरून जोरात "फोर!" अशी इशाऱ्याची आरोळी दिली, पण तोवर पलीकडून एक किंकाळी आली होती.

सून धावली. वाळूत घसरत, गवतात पाय अडकवत टेकाडावर चढली. पलीकडे ती बाई घंटेच्या खांबाला टेकून बसली होती, उजवा हात डाव्या हाताने पोटाशी धरून. साठीची असेल. केस पूर्ण पांढरे, कापूस पिंजल्यासारखे.

"दोरी ओढायला हात वर केला होता," ती दातओठ खात म्हणाली. "तेवढासुद्धा दम नव्हता का गं तुला?"

माफ करा, असं काहीतरी सून पुटपुटली, तेही वाऱ्यात उडालं. मागून सासरे धापा टाकत आले. शाळेत कित्येक पोरांचे मुरगळलेले हातपाय त्यांनी बांधले होते. त्यांनी बाईंना बोटं हलवायला लावली, कोपराखाली चाचपलं, मग आपला टॉवेल तिरका दुमडून गळ्यात झोळी बांधून दिली.

"दवाखान्यात जायला हवं, बाई. आत्ताच."

"जाऊ. खेळ संपल्यावर."

"खेळ?"

"आज एकही चेंडू हरवलेला नाही मी," बाई म्हणाल्या. "सुरुवातीपासून हा एकच. दर वर्षी येते इथे आणि दर वर्षी समुद्राला पिशवीभर चेंडू वाहून जाते. आज पहिल्यांदा शेवटपर्यंत आलेय. थोडंच राहिलंय. हाताला काय, लागलंय नुसतं." आणि मग सुनेकडे हनुवटी उडवून, "ही मारेल माझ्यासाठी. हिनेच मोडलाय ना खेळ? हिनेच पुरा करायचा."

सासऱ्यांनी समजावून पाहिलं. पण बाई उठून चालायलाही लागल्या होत्या. सुनेने निमूटपणे त्यांची बॅग उचलली.

पुढच्या होलला मध्ये समुद्राची एक अरुंद जीभ आत शिरलेली होती. चेंडू पाण्यावरून पलीकडे न्यायचा. बाई दगडावर बसल्या आणि हुकूम सोडायला लागल्या. डावीकडे बघ. पाय जवळ घे. इतका नाही, जरा लांब. सुनेने क्लब मागे नेला.

"थांब!" बाई ओरडल्या. "वारा आहे. तो पडला की मी सांगते."

सून थांबली. डोळ्यांसमोर पांढरा चेंडू, त्यापलीकडे उसळणारं पाणी. मागे बाईंचा श्वास ऐकू येत होता. बस, बाकी काही नाही. एक लाट दगडांवर फुटली, मग दुसरी. क्लबवरची तिची मूठ आवळत गेली. बोला, ती मनात म्हणत होती, काहीतरी बोला, हो म्हणा किंवा नाही म्हणा, पण बोला. तिच्या बोटांची नखं पांढरी पडली.

"हां, आता!"

तिने मारला. चेंडू वर चढला, पाण्याच्या मधोमध आल्यावर जणू कुणी वरून टपली मारावी तसा खाली गेला आणि बुडाला.

बाई दगडावरून उठून पाण्याशी आल्या.

"गेला," त्या म्हणाल्या. "डोळे मिटलेस तू."

"तुम्ही उशीर केलात," सून एकदम उसळली. "वारा कधीच पडला होता. किती वेळ उभं करायचं माणसाला? मी तिथे… तुम्ही नुसत्या गप्प…" तिचा आवाज चिरका झाला. तिने क्लब वाळूत टाकला आणि पाठ फिरवली.

सासरे पुढे झाले, पण त्यांनी सुनेला धरलं नाही, बाईंना धरलं. बाईंचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि झोळीतून बाहेर आलेली बोटं सुजून निळसर पडली होती.

"आता मी मास्तर आहे आणि तुम्ही दोघी पोरी आहात," ते म्हणाले. "बसा गाडीत."

या वेळी कुणी वाद घातला नाही. सुनेने गाडी इतकी सावकाश हाकली की मागून येणारे दोन खेळाडू पायी चालत पुढे गेले.

दवाखाना बंदराजवळच्या एका बैठ्या इमारतीत होता. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, स्पिरिटचा वास, भिंतीवर दात घासण्याचं चित्र. एक्स-रे काढून झाला, डॉक्टर दुसऱ्या रुग्णात अडकले होते, सासरे बाईंसाठी काही खायला आणायला गेले. दोघी शेजारी शेजारी बसून राहिल्या.

"काकू, तुम्ही काय करता?" सुनेने विचारलं.

"काकू म्हणू नकोस, अंगावर येतं. नाटकांचे कपडे बेतते मी. कापते, शिवते. पुढच्या आठवड्यात नवीन नाटक उभं राहतंय, राणीचा झगा अजून टेबलावर पडलाय."

सुनेने त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली.

"आणि तू गं? तू काय करतेस?"

"मी विमानतळावर असते. मनोऱ्यात. विमानांची वाहतूक सांभाळते."

बाई वळून बघायला लागल्या. "एवढी विमानं सांभाळतेस," त्या म्हणाल्या, "आणि एवढ्या मोठ्या मैदानात मी एकटी बाई, तर मला बरोबर गाठलंस?"

सुनेला हसू फुटलं. आधी नाकातून, मग तोंडातून, मग आवरेचना. नर्सने दारातून डोकावून पाहिलं. बाईसुद्धा हसायला लागल्या आणि हात दुखून "आई गं" करत थांबल्या. सुनेचं हसू मात्र मध्येच कुठेतरी रडण्यात वळलं, आणि ती दोन्ही हातांत तोंड धरून वाकली.

बाईंनी तिला थोपटलं वगैरे नाही. फक्त म्हणाल्या, "सांग काय ते. डॉक्टर काही इतक्यात येत नाही."

मग तिने सांगितलं. नवऱ्याला जे सांगितलं नव्हतं तेही. "मी वैमानिकाला काही सांगितलं की तो तेच शब्द परत म्हणून दाखवतो. म्हणजे त्याला कळलं. मधे एक क्षण जातो. वर्षानुवर्षं तो क्षण मला जाणवलाही नव्हता. त्या दिवशी मी एकाला म्हटलं, वर चढू नकोस, तिथेच राहा. आणि उत्तर आलंच नाही. परत सांगितलं. परत नाही. मी पडद्यावर बघतेय, तो चढतोय, आणि समोरून दुसरा येतोय, आणि कानात नुसती खरखर. शेवटी त्यांच्याच यंत्रांनी त्यांना सावध केलं. एक वर गेला, दुसरा खाली. लोकांच्या अंगावर चहा सांडला, एवढंच झालं."

"मग?"

"मग काही नाही. माझी चूक नव्हती असं लिहून आलं. पण तेव्हापासून मला गप्पपणा सहन होत नाही. कुणी उत्तर द्यायला जरा वेळ लावला, की वाटतं, चढतोय. तो तिकडे चढतोय."

बाई थोडा वेळ गप्प बसल्या, मग स्वतःच दचकून म्हणाल्या, "अगं, मी ऐकतेय हं. गप्प आहे, पण ऐकतेय."

सुनेने डोळे पुसत मान हलवली.

हाड मोडलं नव्हतं, चीर गेली होती. प्लास्टर घातलं. बाईंनी तिथूनच कार्यशाळेत फोन लावला आणि हाताखालच्या मुलीला सांगितलं की उद्यापासून कात्री तुझी, मी शेजारी बसून बडबड करणार. फोन ठेवल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला. "वाट लावणार ती त्या मखमलीची," त्या म्हणाल्या आणि सुनेकडे बघितलंसुद्धा नाही. सुनेला वाटलं, आता माफी मागावी. पण ती मागून झाली होती, आणि पुन्हा मागून चीर भरून येणार नव्हती. तिने बाईंची बॅग त्यांच्या खोलीवर नेऊन दिली, सामान भरून दिलं, बुटांच्या नाड्या बांधून दिल्या. डाव्या हाताने काहीच होत नसल्याने बाई चिडचिड करत होत्या आणि सून ऐकून घेत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने बाई गेल्या. जाताना धक्क्यावर त्यांनी सासऱ्यांना टॉवेल परत दिला, धुतलेला. सुनेला म्हणाल्या, "बरी हो. आणि पुन्हा माझ्या मागे खेळायला येऊ नकोस."

बोट गेल्यावर सासरे म्हणाले, "राहिला एक कोर्स. जायचं का?"

"तुम्ही जा, बाबा. मला एक फोन करायचाय."

तिने साहेबांना फोन लावला. म्हणाली, रजा संपली की येते, पण माईकवर नाही. खाली प्रशिक्षणाच्या खोलीत बसवा, नवीन मुलांना शिकवीन. साहेब काहीच बोलले नाहीत. तिने धक्क्याचा कठडा पकडला. पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला, कुणीतरी खोकलं. ती थांबली.

"बघतो," साहेब म्हणाले. "वर विचारावं लागेल. पण वाईट कल्पना नाही."

पुन्हा वर मनोऱ्यात जायला तिला पुढे बराच काळ लागला. पहिल्यांदा माईकपाशी बसली तेव्हा शेजारी दुसरा सहकारी बसवावा लागला, आणि तरी ती घामाने निथळून बाहेर आली. रात्रीची झोप अजूनही तुकड्यातुकड्यांत येते असं ती नवऱ्याला सांगते. पण हल्ली सांगते तरी.

त्या सकाळी मात्र ती फोन खिशात टाकून कठड्याशीच उभी राहिली. सासरे गेले नव्हते. थोड्या अंतरावर बॅग खांद्याला अडकवून, समुद्राकडे बघत असल्याचं सोंग करत उभे होते.

"काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"बघतो म्हणाले."

"मग चल. तोवर काय करणार आहेस? मला हरवणार असशील तर ये, नाहीतर मी एकटा जातो."

ती त्यांच्या मागोमाग निघाली, नेहमीपेक्षा थोडी हळू, आणि चढावर त्यांच्या खांद्यावरची बॅग तिने स्वतःकडे घेतली.